बादलीचा रकाना

१

प्रयोगशाळेत सगळे त्यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'चाळणी'. नको तो खडा त्यांच्या हातून कधी पुढे सरकला नव्हता म्हणून. हे नाव बाईंच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. पण तसं दाखवायचं नाही, म्हणून कुणी ते कुजबुजलं की त्या चष्म्यावरून नुसतं बघत. तेवढं पुरायचं.

सव्वीस वर्षं त्या काँक्रीटसाठी येणारी खडी तपासत होत्या. ठोकून, चाळून, भिजवून, भाजून. नवीन माणूस कामाला लागला की त्याला त्या पहिल्या दिवशी सांगत, "लोक सिमेंटचं नाव घेतात, पण राहतात दगडात. इमारतीत चारांतले तीन हिस्से दगडच असतो. तेव्हा दगडाशी नीट वागायचं."

त्या सोमवारी एका नव्या खाणीची तीन पोती आली. खाणीचा मुकादम ती स्वतः घेऊन आला होता. उंचापुरा माणूस, पण ओठ फाटलेले, आणि बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती. आल्या आल्या त्यानं पाणी मागितलं. नमुने धुणारे मामा प्रयोगशाळेत सगळ्यांत जुने. त्यांनी तांब्या पुढे केला. मुकादमानं तो रिकामा केला, मग दुसरा, मग तिसरा.

"पाहुणे, माठ तरी ठेवा हो आमचा," मामा म्हणाले.

मुकादम हसला नाही. पोत्यांपासून तो जरा लांबच उभा होता. "बाई, पास होईल ना?"

"मला काय विचारता? दगडाला विचारते. तो काय म्हणतो ते कागदावर लिहिते."

"विचारा," तो म्हणाला, "पण फार वेळ जवळ बसू नका." आणि पावतीही न घेता निघून गेला.

बाईंनी पोतं सोडलं. खडी करड्या रंगाची, स्वच्छ, टोकदार. मामांनी ती धुतली तेव्हा पाणी गढूळसुद्धा झालं नाही. त्यांनी ती भट्टीत वाळवली आणि निवल्यावर बरोबर दोन हजार ग्रॅम मोजून दिली. बाईंनी ती तारेच्या टोपलीत भरली, टोपली पाण्याच्या बादलीत सोडली, हवेचे बुडबुडे जावेत म्हणून पंचवीस वेळा वर-खाली केली आणि बादलीवर झाकण ठेवलं. आता चोवीस तास. दगड किती पाणी पितो ते उद्या कळणार होतं. सगळेच दगड थोडं पितात. वीस ग्रॅम, तीस ग्रॅम. चाळीसच्या वर गेला की बाई कपाळाला आठ्या घालत.

२

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं, तर बादलीत पाणी नव्हतं.

कमी झालं होतं असं नाही. नव्हतंच. बाईंनी तळाला बोट लावलं. तळ कोरडा ठणठणीत होता, उन्हात वाळत घातलेल्या भांड्यासारखा. त्या कोरड्या तळावर टोपली शांत बसली होती.

"मामा, बादली गळतेय."

मामांनी बादली भरली, डोक्याच्या वर धरली आणि खालून बघत राहिले. थेंब पडेना. "बाई, ही गळत असेल तर मी उद्यापासून कामाला येत नाही."

"मग रात्रीतून कुणी पाणी ओतून टाकलं?"

"किल्ली तुमच्याकडे."

बाईंनी खडी काट्यावर ठेवली. चोवीस तास पाण्यात असलेला दगड. काटा हलला, थांबला. दोन हजार. ना एक ग्रॅम कमी, ना एक ग्रॅम जास्त.

म्हणजे पाणी गेलं, पण दगडात गेलं नाही. दगड काहीच प्यायला नाही. शून्य टक्के.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली, पण त्यांनी तिला तिथेच गप्प बसवलं. काटा बिघडला असेल. त्यांनी काट्यावर प्रमाणित वजनं ठेवून पाहिली. काटा चोख होता. झाकण नीट बसलं नसेल, पाणी उडून गेलं असेल. पण एका दिवसात अख्खी बादली कुठून उडणार? शेवटी त्यांनी सव्वीस वर्षांत जे केलं तेच केलं: तीन बादल्या ओळीनं मांडल्या. पहिलीत नव्या खाणीची खडी, दुसरीत जुन्या ओळखीच्या खाणीची, तिसरीत नुसतं पाणी. तिन्हींच्या आतल्या बाजूला तेलखडूनं पाण्याच्या पातळीची रेघ मारली. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"दिवसभर बसणार?" मामांनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत. माझं पाणी जोखायला निघालाय हा दगड. बघू कोण हरतं."

३

दुपारपर्यंत काही झालं नाही. बाहेर ठोकणीचं यंत्र चालू होतं, त्याची धडधड भिंतीतून येत होती. जेवणाच्या सुट्टीत ते बंद पडलं. त्या शांततेत बाईंना तो आवाज आला.

घुटका घेतल्याचा आवाज. बारीक, घशातला, कुणीतरी चोरून पाणी पितंय तसा.

त्यांनी मागे वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. मामा अंगणात डबा खात होते. बाई श्वास रोखून बसल्या. पुन्हा घुटका. त्यांनी घड्याळ लावलं. सत्तेचाळीस सेकंद. पुन्हा सत्तेचाळीस. मग सेहेचाळीस.

पाणी दगडाच्या फटीत शिरताना हवा बाहेर पडते, तिचा आवाज होतो, असं त्यांनी मनाशी म्हटलं. हे खरंही होतं. पण बाहेर पडणाऱ्या हवेचे बुडबुडे दिसतात, आणि पाण्यावर एकही बुडबुडा नव्हता. पातळी मात्र रेघेखाली चार बोटं उतरली होती. शेजारच्या दोन्ही बादल्यांत पाणी रेघेला रेघ.

मग त्यांना खोलीतल्या इतर गोष्टी दिसू लागल्या. खिडकीखालच्या भिंतीला दहा वर्षांपासून ओल होती. रंगारी तीन वेळा हात टेकून गेले होते. ती ओल आज नव्हती. भिंत पांढरीफटक होती आणि तिचे पापुद्रे जमिनीवर पडले होते. हात पुसायचं फडकं खिळ्यावर पुठ्ठ्यासारखं ताठ झालं होतं. खिडकीतलं कुंडीतलं रोप वाकलं होतं, बाहेरच्या उजेडाकडे नाही, खोलीच्या आतल्या बाजूला.

बाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. तोंडाला कोरड पडली होती. भीतीनं पडते तशी ती नव्हती. भीतीची कोरड घोटभर पाण्यानं जाते, आणि बाईंनी सकाळपासून दोन बाटल्या संपवल्या होत्या.

"जरा जास्तच मस्ती आहे तुला," त्या बादलीला म्हणाल्या.

घुटका थांबला. सत्तेचाळीस सेकंद झाले, साठ झाले, शंभर झाले. आतून कुणीतरी कान देऊन ऐकत असावं, इतकी ती शांतता दाट होती. मग अंगणात मामांनी डबा आपटून झाकण लावलं, आणि पिणं पुन्हा सुरू झालं.

४

घरी नणंद वाट बघत होती. बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून या दोघी एकत्र राहत. नणंद रुग्णालयात नर्स होती. नवऱ्याची बहीण आणि कामानंही सिस्टर, म्हणून बाई तिला सिस्टरच म्हणत.

"वहिनी, तोंड बघू. अगं, ओठ बघ तुझे!" सिस्टरनं बाईंचा हात ओढून घेतला आणि मनगटामागची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी खाली बसली नाही. छोट्याशा तंबूसारखी उभीच राहिली. सिस्टरचा चेहरा बदलला. "पाणी प्यायलीस का दिवसभरात?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

"मग हे काय? हे मी जुलाब झालेल्या पोरांच्या अंगावर बघते." तिनं पाण्यात मीठ-साखर ढवळून पेला बाईंच्या हातात दिला. "आणि आज सकाळी एका मोठ्या माणसाच्या अंगावर पाहिलं. खाणीवरचा मुकादम. सलाइनच्या सहा बाटल्या चढवल्या, तरी कातडी अशीच. लघवी नाही, घाम नाही. पाणी जातंय कुठे तेच कळत नाही. सारखं एकच म्हणतो, मला तिकडं परत पाठवू नका."

बाईंनी पेला खाली ठेवला. "उंच आहे? ओठ फाटलेले?"

"तुला कसं माहीत?"

बाईंनी उत्तर द्यायच्या आधी दुसराच प्रश्न विचारला. "तुमच्या मुलांच्या विभागाची नवी इमारत चाललीय ना? तिला खडी कुठली?"

"मला काय माहीत कुठली! खांब उभे राहिलेत, वरचा स्लॅब टाकून झालाय. पुढच्या वर्षी आम्ही तिकडं जाणार. चाळीस खाटा, वहिनी. तान्ह्या बाळांची खोली वेगळी."

बाईंनी पिशवीतून नमुन्याची चिठ्ठी काढली. कामाचं नाव त्यांनी सोमवारी वाचलं होतं, पण त्यात नुसतं 'विस्तारित इमारत' असं होतं. खाली बारीक अक्षरात पत्ता होता. तो सिस्टरच्या रुग्णालयाचा होता, आणि पुढे शेरा: खडी कामावर आधीच वापरली, रिपोर्ट मागाहून.

५

प्रयोगशाळेचे साहेब एके काळी बाईंच्याच हाताखाली शिकले होते. आता मोठ्या खोलीत बसत. त्यांनी आकडे पाहिले आणि चेहरा खुलला.

"शून्य टक्के! बाई, असा दगड मी जन्मात पाहिला नाही. ठोकणीत पास, झिजवणीत पास, सगळ्यात पास. खाणवाल्यांना पेढे वाटायला सांगा."

"बादली रिकामी होते, साहेब."

"हो, सांगितलं मामांनी. पण फॉर्ममध्ये बादलीचा रकाना कुठे आहे?"

"नाही."

"मग झालं तर."

"झालं कसं? चला, पाच मिनिटं बसा माझ्यासोबत. नंतर काय म्हणायचं ते म्हणा."

साहेब आले. हातात स्वतःची पाण्याची बाटली होती, ती त्यांनी मेजावर बादलीशेजारी ठेवली. मामांनी यंत्र बंद केलं. तिघं उभे राहिले. एक घुटका ऐकू आला. साहेबांनी मामांकडे पाहिलं, मामांनी छताकडे. दुसरा घुटका. या खेपेला मेजावरच्या बाटलीतलं पाणी खाली उतरलं. झाकण घट्ट होतं. बाटलीच्या बाजू आत ओढल्या गेल्या, प्लास्टिक कडकडलं, आणि पाणी बोटभर कमी झालं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बाटली तिथेच टाकून ते झपाझप आपल्या खोलीत गेले. बाई पाठोपाठ गेल्या.

"पाहिलंत?"

"मी काही पाहिलं नाही." साहेब खिशातून रुमाल काढून ओठ पुसत होते. ओठ कोरडेच होते. "बाई, तुम्हाला निवृत्तीला चार वर्षं आहेत. मला पंधरा आहेत. दगड चोरून पाणी पितो असं लिहून मी कुठे जाऊ? रिपोर्ट टाइप करून ठेवलाय. सही करा."

बाईंनी रिपोर्ट घेतला. पट्टी मागितली. साहेबांना वाटलं, सहीच्या खाली रेघ ओढतील. बाईंनी शेवटच्या रकान्याच्या बाजूला दोन उभ्या रेघा ओढल्या, वर शाईनं 'बादली' असं लिहिलं आणि खाली भरलं: सोळा लिटर पाणी, चोवीस तासांत नाहीसं. दगडाच्या वजनात फरक नाही. शेजारच्या दोन बादल्यांत घट नाही. मग 'योग्य' हा छापलेला शब्द खोडून 'अयोग्य' लिहिलं आणि खाली सही ठोकली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

"हा कागद मी फाडू शकतो," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"फाडा. मी दुसरा लिहीन. हात माझा आहे आणि शाईही."

साहेबांनी कागद फाडला नाही.  बाईंनी त्याची नक्कल घेतली आणि भर दुपारी इमारतीकडे निघाल्या.

६

खांब बारा होते. त्यांच्यावर स्लॅब, खाली टेकू म्हणून धिरे लावलेले. ऊन कडक होतं. काँक्रीट पक्कं होण्यासाठी स्लॅबवर पाणी साठून राहावं म्हणून मातीचे छोटे बांध घातले होते आणि एक मजूरीण नळी धरून त्यांत पाणी सोडत होती. तिच्या ओठांवर चिरा पडल्या होत्या.

"किती वेळ सोडताय?" बाईंनी खालून विचारलं.

"सकाळपासून, ताई. तीन टँकर झाले. वाफा काही भरत नाही. खाली गळतंय का बघा जरा."

बाई खाली गेल्या. ही तान्ह्या बाळांची खोली होणार होती. भिंती अजून आल्या नव्हत्या, नुसते चार खांब आणि वर छत. छताला ओलीचा ठिपकाही नव्हता. जमिनीवरची धूळ पिठासारखी होती. बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा असायला हवा होता, पण हवा अशी होती की पापण्या मिटल्या तर डोळ्यांना खरखर लागत होती.

घुटके ऐकू येत होते. आता मोजायची गरज नव्हती. एका खांबातून, मग पलीकडच्या, मग मागच्या. एकमेकांच्या मधल्या वेळात, आळीपाळीनं.

आपल्याला ऊन लागलंय, बाईंनी स्वतःला सांगितलं. दोन दिवस नीट झोप नाही, कातडी उभी राहतेय, अशा माणसाच्या कानात काहीही वाजतं. त्यांनी शेजारच्या खांबावर तळहात टेकवला. काँक्रीट आहे का ते बघायला. एवढंच.

हात चिकटला.

थंड नव्हतं, गरम नव्हतं. तळहाताची ओल कुणीतरी मनापासून ओढून घेत होतं. बाईंनी हात मागे घेतला, तो सुटेना. खांबाच्या करड्या अंगावर, त्यांच्या बोटांच्या मध्ये, एक केसाएवढी फट होती. बाईंना तिच्यावरून नजर काढता येईना. फटीच्या आत खडी दिसायला हवी होती. खडी नव्हती. आत काहीतरी ओलं, चकचकीत होतं. ते वर सरकलं आणि खाली गेलं, पाणी पिणाऱ्याच्या गळ्यावर दिसतं तसं.

बाईंच्या तोंडून किंकाळी फुटायला हवी होती. फुटला तो संताप. चाळीस खाटा. तान्ही बाळं. त्यांना पाणी मागतासुद्धा येत नाही.

"मिळणार नाही," त्या म्हणाल्या. घसा इतका सुकला होता की आवाज खरवडल्यासारखा निघाला. "ऐकतोयस ना? इथं तुला एकही थेंब मिळणार नाही. मी चाळणी आहे."

आणि त्यांनी पाय खांबाला लावून हात खेचला. तळव्याची कातडी थोडी तिथेच राहिली. रक्त आलं नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी पिशवीतला तेलखडू काढला आणि खांबावर हातभर लांब अक्षरांत लिहिलं: नापास. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. बारा वेळा लिहिलं. वर नळी धरलेली मजूरीण खाली वाकून बघत होती.

"ताई, काय झालं?"

"नळी बंद करा. या इमारतीला पाणी घालायचं नाही. आणि तुम्ही पण खाली या, बाहेर या."

७

रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर वहिनी आणि नणंद दोघी उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, बादलीचा रकाना दोनदा वाचला.

"मला दगडातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बाईंचा सोललेला तळवा पाहिला, मनगटामागची कातडी चिमटीत धरली आणि ती खाली बसायची वाट बघितली. "पण माणूस कोरडा पडला की मला कळतं. तो मुकादम माझ्याच विभागात आहे. खाणीपासून लांब आल्यावर आज पहिल्यांदा त्याला घाम आला. तुमचं म्हणणं काय?"

"एक खांब फोडा. आत चांगला दगड निघाला तर मी नोकरी सोडते."

"आणि आम्ही सगळ्या नर्सेस तिकडं पाऊल ठेवणार नाही," सिस्टर म्हणाली. "ही माझी वहिनी आहे म्हणून नाही, मी माझं सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोडायचं यंत्र आलं. ठेकेदाराचा इंजिनियर आला, तो चिडलेला होता. मामा रजा टाकून आले. आणि थोड्या वेळानं साहेब आले. कुणी बोलावलं नव्हतं. बाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले, खिशातून पेन काढलं आणि बाईंच्या नकलेवर, बाईंच्या सहीखाली सही केली.  बाईंनी नक्कल घडी करून पिशवीत ठेवली.

स्लॅबला जादा धिरे लावून कोपऱ्यातल्या पहिल्या खांबावर यंत्राची टोकदार सळई टेकली. धडधड सुरू झाली. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला. मग मोठा तुकडा पडला आणि यंत्र चालवणाऱ्यानं हात काढून घेतला. यंत्र आपोआप थांबलं.

लोखंडी सळया जागेवर होत्या. सिमेंटही होतं. पण खडी नव्हती. जिथे जिथे खडी असायला हवी तिथे तिच्याच आकाराच्या रिकाम्या खोबण्या होत्या, टोकदार, स्वच्छ, शेकडो. दात काढल्यावर हिरडीत जागा राहते तशा. आतून त्या ओल्या होत्या. आणि ओल आत, आणखी आत सरकत होती, उजेड लागल्यावर मागे हटावी तशी, खांबाच्या पायाकडे, जमिनीखाली.

 इंजिनियरनं गळ्यावर हात ठेवला. मामांनी डोळे मिटले.

"हे... हे कागदावर काय लिहायचं?" इंजिनियरनं विचारलं.

 बाई ऐकत होत्या. कालपासून सारखे येणारे घुटके थांबले होते. एकाही खांबातून आवाज नव्हता. अकरा खांब स्लॅब डोक्यावर घेऊन उन्हात उभे होते आणि आवाज न करता, दम धरून, लपून बसल्यासारखे गप्प होते. आपण दिसू नये म्हणून जसं कुणी गप्प बसतं.

पहिल्यांदाच बाईंच्या लक्षात आलं की घाबरणारं इथं दुसरंच कुणीतरी आहे.

त्यांनी सोललेल्या हातानं पुढच्या खांबाकडे बोट केलं.

"आता हा फोडा," त्या म्हणाल्या.